गोचा व्हिडिओ कोर्स करायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी बरीच वर्षं ऑनलाइन गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी जागा घेरायचा बोर्ड गेम, खेळते. रँक ५ क्यूच्या आसपास आहे, म्हणजे डॅन या वरच्या श्रेणीच्या पाचेक पायऱ्या खाली. अगदी नवीन लोकांसाठी पायरीपायरीने शिकवणारा व्हिडिओ कोर्स करायचाय. यादी तयार आहे, आधी इतिहास, मग सगळे नियम, मग ओपनिंग आणि जोसेकी (कोपऱ्यातल्या ठरीव खेळ्या), मग लाइफ अँड डेथ (कुठला गट जगतो, कुठला मरतो), शेवटी एंडगेम आणि मोजणी. हा क्रम बरोबर आहे का? आणि ५ क्यूवाल्याने शिकवावं का, की आधी डॅन व्हायची वाट बघू?

उत्तर : वाट अजिबात बघू नका. नवीन माणूस साधारण ३० क्यूला सुरुवात करतो, उतरत उतरत १ क्यूला येतो आणि मग कुठे १ डॅन लागतो, म्हणजे तुमचे प्रेक्षक तुमच्या वीस-पंचवीस पायऱ्या मागे आहेत, त्यांना जे शिकायचंय ते तुम्हाला पक्कं येतं, आणि सुरुवातीला कुठे अडायला होतं हे तुम्हाला अजून आठवत असणार, जे खूप वरच्या खेळाडूंना बऱ्याचदा आठवत नाही. फक्त जी पोझिशन दाखवणार असाल ती रेकॉर्डिंगच्या आधी काटागो या गो खेळणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासून घ्या, ओपन सोर्स आहे, फुकट मिळतं. पण त्याचे ते जिंकण्याचे टक्के आणि रंगीत ठिपके व्हिडिओत दाखवू नका. प्रोग्रॅम कुठे खेळायचं ते सांगतो, का ते सांगत नाही, आणि नवीन माणसाला ते 'का'च हवं असतं.

आता क्रम. तुमची यादी डाव जसा पुढे सरकतो तशी लावलीये, पण माणूस त्या क्रमाने शिकत नाही हो. ओपनिंगमध्ये तुम्ही सांगणार की आधी कोपरे घ्या, मग कडा, मग मध्य. ज्याला सोंगटी मरते कशी आणि जगते कशी हेच माहीत नाही त्याने हे ऐकून काय करायचं, तो पाठ करणार आणि पहिल्याच डावात विसरणार. म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक व्हिडिओ बघून झाल्यावर माणसाला लगेच एक डाव खेळता आला पाहिजे, आणि त्या डावात तो जिथे अडेल तोच पुढचा व्हिडिओ. असा क्रम लावला की ओपनिंग आपोआप खूप मागे जातं.

पहिला व्हिडिओ ९ बाय ९ च्या बोर्डवर करा. ८१ जागा, डाव पंधरा मिनिटांत संपतो. मधोमध एक सोंगटी ठेवा, तिला चार लिबर्टी, म्हणजे लागून असलेल्या मोकळ्या जागा, कडेला ठेवा तर तीन, कोपऱ्यात दोन, सगळ्या बुजवल्या की सोंगटी उचलायची. बस, एवढ्यावर कॅप्चर गो खेळायला लावा, जो आधी एक सोंगटी मारेल तो जिंकला. जपानचे प्रोफेशनल खेळाडू यासुदा यासुतोशी यांनी लहान मुलांना शिकवताना हीच पद्धत उचलून धरली, आणि ती चालते कारण पाचव्या मिनिटाला माणूस खेळायला लागलेला असतो. मात्र यात फार रमवू नका, नाहीतर पोरं नुसती सोंगट्यांच्या मागे धावायला शिकतात आणि बोर्डवर जागा कोणाची होतेय इकडे लक्षच जात नाही. दोन-तीन व्हिडिओंत जोडणं, तोडणं आणि दोन डोळे (गटाच्या आतल्या दोन वेगळ्या मोकळ्या जागा, ज्या असल्या की गट मरत नाही) एवढं करून पुढे निघा. को चा नियमही एकदाच पुस्तकी पद्धतीने सांगू नका, डावात ती वेळ आणा, दोघं एकमेकांची तीच सोंगटी परत परत मारतायत असं दाखवा, मग नियम सांगायलाच लागत नाही, बघणारा स्वतःच म्हणतो की हे थांबवायला काहीतरी पाहिजे.

मोजणी तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलीये, ती प्लीज पाचव्या व्हिडिओच्या आत आणा. नवीन माणूस गो सोडतो तो बहुतेक इथेच, डाव संपला कधी हेच त्याला कळत नाही. एक सीन बारकाईने दाखवा. ९ बाय ९, पांढऱ्याच्या पक्क्या जागेत काळ्याची एक एकटी सोंगटी पडलीये, दोघांनी पास म्हटलं, आणि पांढरा ती उचलून घेतो. बघणारा विचारणार, अहो पण ती तर घेरलेली नाही, अजून लिबर्टी आहेत, मग उचलली कशी? 'ती मेलेली आहे' असं सांगून पुढे जाऊ नका, खेळून दाखवा, काळ्याला तिथे आणखी सोंगट्या टाकू द्या, पांढरा प्रत्येक वेळी उत्तर देतोय, शेवटी सगळ्याच जातात. आणि इथेच ठरवा की कोर्समध्ये मोजणी चिनी पद्धतीने, म्हणजे आपल्या बोर्डवरच्या सोंगट्या अधिक घेरलेली जागा. जपानी पद्धतीत जागा आणि कैदी (मारलेल्या सोंगट्या) मोजतात, त्यात स्वतःच्या जागेत उगाच सोंगटी टाकली की एक पॉइंट जातो, त्यामुळे शंका आली म्हणून खात्री करायला जावं तर नवीन माणसाला भीती वाटते. चिनी पद्धतीत सगळं वाटून झाल्यावर खेळून सिद्ध करायला काही खर्च होत नाही. निकाल दोन्हीकडे बहुतेक वेळा एखाद्या पॉइंटच्या फरकाने तोच येतो, त्यामुळे जपानी पद्धत नंतर सावकाश सांगितली तरी चालतं.

यानंतर लॅडर, आणि त्याला अख्खा एक व्हिडिओ द्या. पांढरी सोंगटी अटारीत आहे म्हणजे एकच लिबर्टी उरलीये, ती पळते, दोन होतात, काळा त्यातली एक बुजवतो, परत अटारी, परत पळ, असं तिरकं तिरकं कडेपर्यंत, आणि कडेला सगळा गट मरतो. आता तिसऱ्या पावलावर थांबा आणि म्हणा, पुढचं सोंगट्या न ठेवता नुसत्या नजरेने वाचा. खरंच गप्प बसा, दहा-बारा सेकंद. मग त्याच वाटेवर पुढे पांढऱ्याची एक सोंगटी आधीपासून ठेवा आणि परत विचारा. आता पळणारा तिला जाऊन मिळतो आणि सुटतो, आणि मागे लागलेल्या काळ्याच्या सोंगट्या इतक्या तुकड्यांत विखुरलेल्या असतात की जागोजागी डबल अटारी (एकाच खेळीने दोन ठिकाणी अटारी) बसते. इथे पहिल्यांदा माणसाला कळतं की लांबच्या कोपऱ्यातली एक सोंगटी इथल्या मारामारीचा निकाल लावते, आणि मला विचाराल तर गो आवडायला लागतो तो इथूनच.

लाइफ अँड डेथमध्येही तसंच थांबा. घेरलेल्या गटाच्या आत सरळ रेषेत तीन मोकळ्या जागा असल्या तर ज्याची पाळी त्याने मधली घ्यायची, सरळ चार असल्या तर गट आधीच जिवंत, आणि चौकोनी चार असल्या तर आधी खेळूनही वाचत नाही. हे तीन आकार सांगायला एक मिनिट लागतं, पण चुकीची खेळी करून तिचं काय होतं हे दाखवायला वेळ द्या, अर्धा व्हिडिओ त्यात गेला तरी चालेल. बरोबर उत्तर नुसतं बघितलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

जोसेकी सगळ्यात शेवटी, आणि वेगळ्या प्लेलिस्टमध्ये. २०१६ च्या मार्चमध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने कोरियाचा नामवंत प्रोफेशनल खेळाडू ली सेडोलला ४-१ हरवलं, दुसऱ्या डावातली ३७ वी खेळी पाचव्या ओळीवर होती, बघणाऱ्या प्रोफेशनलना आधी ती चूकच वाटली होती, आणि त्यानंतरच्या वर्षांत ओपनिंग इतकं बदललं की डावाच्या सुरुवातीलाच ३-३ ला, म्हणजे कोपऱ्यातल्या तिसऱ्या-तिसऱ्या रेघेच्या छेदावर, घुसणं, जे आधी शिक्षक करू नको म्हणायचे, ते आता रोजचं झालंय. म्हणजे जोसेकीचे व्हिडिओ जुने होणार हे धरूनच चाला, लॅडरचा कधीच जुना होणार नाही.

प्रश्न : मग इतिहास काढूनच टाकू का? मला तो फार आवडतो.

उत्तर : काढू नका, मागे सरकवा. १८४६ मधला शुसाकू आणि गेन्नान इन्सेकी या जपानी खेळाडूंचा डाव, त्यातली १२७ वी खेळी, ती पडल्यावर गेन्नानचे कान लाल झाले म्हणून एका वैद्याने ओळखलं की तो अस्वस्थ झालाय, ही गोष्ट पहिल्या व्हिडिओत सांगितली तर नुसती गंमत. तीच माणूस १५ क्यूला आल्यावर बोर्ड उघडून दाखवा, ती एक सोंगटी चारही बाजूंना कशी बघते ते त्याला स्वतःला थोडंतरी दिसेल.

प्रश्न : रेकॉर्डिंग कसं करू? खरा बोर्ड की स्क्रीन?

उत्तर : पहिले दोन-तीन खऱ्या बोर्डवर, हात दिसू दे, सोंगटी रेघांच्या छेदावर ठेवतात हे डोळ्याला बसतं. पुढे स्क्रीनवर, कारण मागे जाऊन दुसरी खेळी दाखवणं सोपं पडतं. १९ बाय १९ अख्खा फोनवर अगदी बारीक दिसतो, तेव्हा कोपऱ्याचं चाललं असेल तर कोपराच मोठा करून दाखवा. 'इथे, तिथे' म्हणू नका, डी ४, क्यू १६ असं बोला, आणि एकदा सांगून ठेवा की आडव्या अक्षरांमध्ये आय नसतो, एचनंतर थेट जे. प्रत्येक व्हिडिओसोबत एसजीएफ फाइल (डावातल्या खेळ्यांची नोंद) द्या म्हणजे लोक स्वतः खेळ्या हलवून बघतील. लांबी आठ मिनिटांच्या आत, आणि शेवटी गृहपाठ म्हणून डाव, ऑनलाइन गो सर्व्हरवर ९ बाय ९ आणि बॉट दोन्ही आहेत, त्यामुळे समोर माणूस नाही ही अडचण येत नाही. सगळे व्हिडिओ एकदम बनवून ठेवू नका. पहिले तीन झाले की गो कधीच न खेळलेल्या कोणालातरी दाखवा, शेजारी बसा, एक शब्द बोलू नका, आणि तो जिथे जिथे मागे नेऊन परत बघतो ती जागा लिहून घ्या, चौथा व्हिडिओ त्यावरच करा.