सासरे मारकुटे होते, आता नवराही धमकावतो. हे रक्तातच असतं का?

सासरे सासूबाईंवर हात उचलायचे आणि आता नवराही वस्तू फेकतो, धमकावतो, म्हणून तुम्ही हे विचारताय. थोडं रक्तातून येतं, पण तुम्हाला भीती वाटते त्या अर्थाने नाही.

मी जनुकशास्त्र शिकवतो. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार, आक्रमकपणात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. हा हिशोब लोकसंख्येचा आहे. एखाद्याचा राग अर्धा वडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय एकच जनुक वगैरे काही नसतं, छोटा छोटा परिणाम करणारी पुष्कळ असतात.

त्यातलं सर्वांत गाजलेलं एमएओए. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं विकर (एन्झाइम) त्यावरून बनतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या मुलांवरचा 2002 चा अभ्यास प्रसिद्ध आहे: ज्यांच्यात हे जनुक मंद होतं आणि लहानपणी छळही झाला होता, ते मुलगे पुढे जास्त हिंसक निघाले. जनुक तेच, पण छळ झाला नाही, तिथे तसा फरक दिसला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला ‘योद्धा जनुक’ करून टाकलं. 2009 मध्ये इटलीत त्रिएस्तेच्या न्यायालयाने अशा जनुकांचा विचार करून एका खुन्याची शिक्षा वर्षाने कमी केली. मला तो निकाल अजिबात पटलेला नाही.

तुमच्या बाबतीत खरा गुंता वेगळाच आहे. ज्या बापाकडून जनुकं आली, त्याच बापाने घरही तसं ठेवलं. भांडण म्हणजे ओरडणं आणि मारणं, हे मुलगा तिथेच शिकला. यातलं रक्ताचं किती आणि बघून घेतलेलं किती, हे एका घरापुरतं कुणालाच वेगळं काढता येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एवढंच पाहिलं असतं: साहेब बोलले, रस्त्यात कुणी आडवं आलं, तेव्हा नवरा काय करतो? तिथे गप्प बसत असेल, तर राग आवरता येतो त्याला. घरी तो आवरत नाही, कारण घरी चालून जातं. समोर कोण आहे हे बघून जनुक भडकत नाही. दारू असेल तर आवर आणखी सुटतो, तेही बघा.

राग आवरायला शिकता येतं, समुपदेशनही मिळतं, पण तिथे त्याने स्वतःहून जायला हवं. तोवर विश्वासातल्या एका माणसाला हे आजच सांगून ठेवा. अंगावर आला, तर समजावत बसू नका, आधी तिथून बाहेर पडा.