जर्मनमध्ये डिग्री झाली, आता फक्त शिकवायचंच का?

चार महिन्यांपूर्वी एक मुलगी आली होती, जर्मन घेऊन ग्रॅज्युएट झालेली. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, माझ्यापुढे दोनच रस्ते आहेत, टीचर नाहीतर ट्रान्सलेटर, शिकवायला मला आवडत नाही आणि ट्रान्सलेशन आता मशीनच करतंय, मग तीन वर्षं मी केलं काय?" आणि डोळे भरून आले. भाषेची मुलं आली की हा प्रश्न येतोच, आणि दरवेळी माझा जीव तुटतो.

मी तिला विचारलं, भाषेमुळे तुला दिसलं आणि इतरांना दिसलं नाही, असं अलीकडे काही घडलंय का? तिने जरा विचार करून फोनमधला एक स्क्रीनशॉट काढला. कुठल्यातरी अ‍ॅपचं जर्मन व्हर्जन, त्यात सेटिंग्जच्या बटणावरचा 'आइनश्टेलुंगेन' हा शब्द मध्येच कापला गेलेला, कारण इंग्लिशमध्ये 8 अक्षरं आणि जर्मनमध्ये 13. पुढच्या स्क्रीनवर तर त्याच युजरला एकदा 'डू' म्हणजे तू आणि एकदा 'झी' म्हणजे आपण! तिने हे सगळं नीट लिहून कंपनीला मेल केलं होतं, कोणी सांगितलं नसताना, डोळ्याला खुपलं म्हणून.

अगं, हेच काम लोक पगार घेऊन करतात, लोकलायझेशन टेस्टिंग म्हणतात त्याला, आणि तिला हा शब्दच माहीत नव्हता.

मशीनबद्दल मात्र मी तिला खोटा धीर दिला नाही. साधं, सरधोपट ट्रान्सलेशन मशीनकडे गेलंय, माणसाकडे येतं ते मशीनने केलेलं तपासायचं काम, पोस्ट-एडिटिंग, आणि ते करायला विषय कळावा लागतो, मेडिकल, कायदा, इंजिनिअरिंग, काहीतरी एक. सबटायटलिंग आहे, तिथे साधारण 42 अक्षरांच्या दोन ओळींत अख्खा डायलॉग बसवायचा असतो. दुभाष्याचं काम आहे, पण त्याचं ट्रेनिंग वेगळं, सायमल्टेनियसमध्ये, म्हणजे समोरचा बोलत असतानाच भाषांतर करत जायचं त्यात, तर दोघं जण दर 20-30 मिनिटांनी आलटून पालटून बोलतात इतका मेंदू थकतो. आणि एक्स्पोर्ट, कस्टमर सपोर्ट, एचआर, इथे जाहिरातीत पोस्टचं नाव वेगळंच असतं, भाषेची अट खाली एका ओळीत असते, म्हणून सर्चमध्ये 'ट्रान्सलेटर' टाकून बसलं की या नोकऱ्या दिसतच नाहीत.

एक गोष्ट तिला खटकली, पण सांगणं भाग होतं. भाषा किती येते याच्या ए1 म्हणजे अगदी सुरुवातीच्या लेव्हलपासून सी2 म्हणजे सगळ्यात वरच्यापर्यंत अशा सहा लेव्हल असतात आणि तिच्याकडे सर्टिफिकेट होतं बी1 चं, तेही पहिल्या वर्षातलं. नुसत्या डिग्रीवरून समोरच्याला लेव्हल कळत नाही गं, बी2 तरी दे, जमलं तर सी1.

गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. बी2 झालं, आणि एका मेडिकल उपकरणांच्या कंपनीने टेस्टला मशीनने केलेलं मॅन्युअलचं एक पान दिलं होतं, त्यात एका सूचनेतला 'निख्त' म्हणजे 'नाही' गायब होता, तो तिने पकडला. रिझल्ट अजून यायचाय.