कार सीट तडकून आली : फोनवरच्या तक्रारीवर थांबू नका

प्रश्न : आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात आम्ही दोन वर्षांच्या मुलीची कार सीट चेक-इन सामानात दिली. उतरल्यावर वरवर ठीक दिसली, म्हणून तशीच घेऊन आलो. तिसऱ्या दिवशी गाडीत बसवताना मागच्या बाजूला तडा दिसला. विमान कंपनी फोनवर म्हणते, "तुम्ही विमानतळावर तक्रार केली नाही, शिवाय 'नुकसानीस कंपनी जबाबदार नाही' अशा टॅगवर तुमची सही आहे." सीट हातात येऊन आज पाच दिवस झाले. भरपाई मिळेल का?

उत्तर : मिळू शकते, पण लेखी तक्रार आजच पाठवा. प्रवास सुरू झाला आणि संपला ते दोन्ही देश १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात कंपनीची जबाबदारी ठरवणारा करार) असतील, तर तुम्हाला त्याचं कलम ३१ लागू होतं : सामान मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या धरून. तक्रार मुदतीत रवाना झाली तरी पुरतं. फोन मात्र धरला जात नाही. मुदत टळली, तर कंपनीने लबाडी केल्याचा अपवाद सोडता दावाच उभा राहत नाही. ई-मेल करा आणि कंपनीच्या वेबसाइटवरचा फॉर्मही भरा. पोच जपून ठेवा.

टॅगवरच्या सहीने घाबरू नका. जबाबदारी झटकणारी किंवा भरपाईची मर्यादा खाली आणणारी अट कलम २६ प्रमाणे रद्दबातल आहे. खरी अडचण पुराव्याची. सामान तक्रार न करता घेतलं की ते सुस्थितीत मिळालं असं प्रथमदर्शनी मानलं जातं, आणि ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं. सीटमध्ये मुळातच दोष होता, असंही कंपनी म्हणू शकते.

म्हणून कव्हर काढून फोटो घ्या : मागचं प्लॅस्टिकचं कवच, गाडीचा पट्टा जातो त्या खाचा, आतला पांढरा फोम. तड्याच्या कडा अगदी जवळून टिपा. जुन्या तड्यात सहसा मळ बसलेला असतो, ताज्यात नसतो. अनुक्रमांक आणि उत्पादनाची तारीख असलेलं स्टिकर, बॅगेज टॅग, बोर्डिंग पास, खरेदीचं बिल जोडा. प्रवासाआधी मुलगी त्या सीटवर बसलेला एखादा फोटो सापडला तर फार मोलाचा. ही सीट वापरता येईल का, हे उत्पादकाला लेखी विचारा. "वापरू नका" असं उत्तर आलं, तर दुरुस्तीच्या नव्हे, पूर्ण सीटच्या किमतीची मागणी करता येते.

तोवर मुलीला त्या सीटवर अजिबात बसवू नका. धडकेचा जोर झेलायचा तो त्याच कवचाने आणि फोमने. सीट फेकूही नका, कंपनी तपासायला मागेल.

२८ डिसेंबर २०२४ पासून सामानासाठीची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक; त्याचं मूल्य रोज बदलतं) आहे. ही सरसकट मिळणारी रक्कम नव्हे. नुकसान सिद्ध होईल तेवढंच मिळतं, आणि वापरलेल्या सीटवर घसारा कापला जाईल हे धरून चला. तात्पुरती सीट भाड्याने घेतली असेल तर ती पावतीही लावा. कंपनीने नकार दिला, तर विमान पोहोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षांत न्यायालयात जाता येतं.

परतीला मुलीचं स्वतंत्र तिकीट असेल, तर नवी सीट केबिनमध्ये वापरता येते का हे आधी कंपनीकडून लेखी घ्या. विमानात आयसोफिक्स (पट्ट्याशिवाय सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नसतं, पट्टा फक्त कमरेचा असतो; म्हणून तेवढ्याच पट्ट्याने बांधता येणारी आणि विमानात वापरायला मान्यता असल्याचं लेबल असलेली सीटच निवडा.