पोच घेतली का? निवेदनं, सह्या आणि ग्रामसभेबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेले प्रश्न बहुतेक एकाच दुखण्याचे आहेत, कागद दिला पण पुढे काही झालं नाही. मी नोकरीतली बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर (ऑफिसात येणारे-जाणारे कागद जिथे नोंदतात) काढलीत, त्यामुळे कागद कुठे अडतो ते थोडंफार माहितीये. तर घेऊया एकेक.

प्रश्न: आमच्या वॉर्डातल्या 214 लोकांच्या सह्या घेऊन नगरपरिषदेत निवेदन दिलं. उघडा नाला, बंद दिवे, कमी दाबाचं पाणी, कचऱ्याची गाडी, सगळं लिहिलं होतं. मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः घेतलं, फोटोपण आहे. तीन महिने झाले, काहीच नाही.

फोटो आहे, पण पोच आहे का? म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. साहेबांच्या हातात दिलेला कागद साहेबांच्या टेबलावरच राहतो हो, दुपारी मीटिंग लागते, त्यावर दुसरी फाईल येते, आणि आवक रजिस्टरला नोंदच नसल्यामुळे तो कागद ऑफिसच्या हिशेबाने आलेलाच नसतो. फोटो काढायचाच तर काढा, पण आधी खाली जाऊन ऑफिसच्याच आवक-टपालाच्या टेबलावर द्या आणि शिक्का मारून घ्या, मग वर जा.

दुसरं म्हणजे एका निवेदनात चार विषय. टेबलावरचा माणूस काय करतो सांगतो. तो पहिल्या दोन ओळी वाचतो आणि कोपऱ्यात लाल पेनाने एका विभागाचं नाव टाकतो. तुमच्या पहिल्या ओळीत नाला होता, म्हणजे कागद गेला बांधकामला किंवा आरोग्यला, तिथल्या बाबूने नाल्यापुरतं बघितलं (किंवा नाही बघितलं), आणि दिवे-पाणी त्याच्या खात्याचंच नाही म्हणून तो विषय तिथेच मेला. चार विषय असतील तर चार कागद, चार आवक नंबर, कंटाळवाणं आहे पण हेच चालतं. आणि "नाला साफ करावा" असं मोघम नको, कुठल्या घरापासून कुठल्या खांबापर्यंत, झाकण किती फुटाचं उघडं आहे, हे लिहा. जागेवर येणाऱ्या माणसाला विचारत फिरावं लागलं की तो येतच नाही.

सह्यांच्या प्रत्येक पानावर वरती विषय लिहा. मी स्वतः पाहिलंय, पहिलं पान सुटलं आणि मागे नुसती नावं आणि सह्या राहिल्या, कशासाठी ते कोणालाच कळेना, ती पानं कुठल्यातरी लग्नाच्या आहेराच्या यादीसारखी दिसत होती. आणि एकाच माणसाचा पत्ता-फोन ठळक द्या, 214 जणांना कोणी पत्र पाठवत नाही.

प्रश्न: किती सह्या झाल्या की विषय घ्यावाच लागतो?

असा आकडा नाहीये. पाच सह्यांचं नेमकं निवेदन पाचशे सह्यांच्या मोघम निवेदनापेक्षा आधी मार्गी लागलेलं मी बघितलंय. सह्यांचा उपयोग नगरसेवकाला दाखवायला होतो, त्याला त्यात मतं दिसतात.

एक अपवाद मात्र आहे, दारूचं दुकान बंद करणं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान 25% महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होऊन मतदान घेतात, तेच ते उभी बाटली आडवी बाटली. इथे सही म्हणजे खरंच मोजायची गोष्ट, म्हणून मतदार यादी समोर ठेवून यादीतला क्रमांक टाकूनच सह्या घ्या. यादीत नाव नसलेल्या सुनेची सही धरत नाहीत. आणि दुकान बंद व्हायला नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नाही, खूप गावं इथेच हरतात कारण त्या दिवशी बायका मजुरीला गेलेल्या असतात.

प्रश्न: ग्रामसभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चाचं विचारलं की सरपंच म्हणतात "आयत्या वेळच्या विषयात बघू", आणि तोवर सभा संपते. काय करावं?

आयत्या वेळचा विषय म्हणजे लोक चपला घालायला लागतात तेव्हाचा विषय. तिथे तुमचा प्रश्न गेला की गेला. म्हणून प्रश्न आधीच अजेंड्यावर आणायचा. ग्रामसभेची नोटीस निदान सात दिवस आधी निघते, आणि वर्षात कमीत कमी चार सभा घ्याव्याच लागतात, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे तारीख तुम्हाला आधीच माहिती असते. तर पंधरा-वीस दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक) लेखी द्या की अमुक विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, पोच घ्या. कारण नसताना सभाच टाळत राहिलं तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, हे त्यांनाही माहिती असतं, म्हणून सभा होते, फक्त घाईत होते.

कोरमचा खेळ पण समजून घ्या. मतदारांच्या 15% किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तो कोरम. तेवढे नसले की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पुढच्या वेळी बारा माणसांत सगळे ठराव होतात. तुमचे लोक पहिल्या सभेला नाही आले तरी दुसरीला आलेच पाहिजेत, लोक नेमकं उलटं करतात.

सभेत उभं राहून भाषण नको. सरळ म्हणा, टाकीच्या कामाचं अंदाजपत्रक आणि झालेला खर्च वाचून दाखवावा असा ठराव मांडतो, सूचक मी, अनुमोदक शेजारची वहिनी. सूचक-अनुमोदक आले की प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहावं लागतं. आणि लिहून होईपर्यंत तिथेच थांबा, सह्यांची कोरी पानं आधी फिरवून ठराव नंतर लिहिण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे.

प्रश्न: महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत नागरिक म्हणून प्रश्न विचारता येतो का?

नाही, गॅलरीत बसून ऐकता येतं. प्रश्न नगरसेवकच विचारतो, तेव्हा तयार टाईप केलेला प्रश्न त्याच्या हातात द्या, तोंडी सांगितलेलं तो विसरतो. बजेटसाठी कामं सुचवायची सोय काही ठिकाणी आहे, पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून फॉर्म भरून घेतात.

प्रश्न: लोकशाही दिनात आमचं सामूहिक निवेदन घेतलंच नाही.

घेणार नाहीत, लोकशाही दिन म्हणजे महिन्यातून एकदा अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, आणि तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. त्याच नाल्याचं तुमच्या एकट्याच्या नावाने, तुमच्या दारात पाणी येतं असं विहित नमुन्यात लिहा. तालुक्याला आधी जा (महिन्याचा तिसरा सोमवार), तिथे नाही झालं तर जिल्ह्याला, तिथे पहिला सोमवार.

प्रश्न: डायरेक्ट आरटीआय टाकू का?

टाका, पण "काम का झालं नाही" असं विचारू नका, "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, असलेला कागदच मिळतो. असं लिहा: "आवक क्र. अमुक, दिनांक अमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत आणि अर्ज सध्या कोणत्या कर्मचाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम." बघा, इथेपण आवक नंबर लागलाच. फी 10 रुपये, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. पण त्याआधी एक सोमवार दुपारी 3 ते 5 मध्ये जाऊन फाईल बघायला मागा, 2018 च्या शासन आदेशाने ती सोय आहे. फाईल शोधताना त्यांनाच ती पहिल्यांदा सापडते आणि निम्मी कामं तिथेच हलतात.

प्रश्न: "आठ दिवसांत काम न झाल्यास आत्मदहन" असं लिहिलं तर लवकर होतं का?

होतं, पोलिसांची नोटीस लवकर येते. असा कागद ताबडतोब पोलीस ठाण्याला जातो, मग सगळा पत्रव्यवहार तुमच्यावर सुरू होतो आणि नाला राहतो बाजूला. त्यापेक्षा शेवटच्या ओळीत लिहा की अमुक तारखेला सकाळी 11 वाजता कार्यवाहीची माहिती घ्यायला कार्यालयात येत आहे. आणि त्या दिवशी सुट्टी नाही ना, ते आधी कॅलेंडरात बघून घ्या.