वाचकांचे प्रश्न : डोंगरात किलोमीटर मोजू नका

प्रश्न : ताई, मी चार वर्षं रस्त्यावर पळतोय. अर्धमॅरेथॉन 1 तास 55 मिनिटांत होते. त्या भरवशावर डोंगरावरच्या शर्यतीत नाव घातलं. साडेसात किलोमीटर, 1100 मीटर चढ, शेवटचा टप्पा नुसते धोंडे आणि घसारा. हिशेब केला : किलोमीटरला साडेपाच मिनिटं, चढाची थोडी सूट, म्हणजे तासाभरात माथ्यावर. लागले 1 तास 52 मिनिटं. निम्म्यावरच छाती फुटायची वेळ आली, आणि माझ्या आईच्या वयाच्या एक बाई मांड्यांवर हात रेटत, चालत चालत मला मागे टाकून गेल्या. उतरताना दोनदा आपटलो, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, तीन दिवस जिना पाठमोरा उतरत होतो. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय. पळायचं कुठे आणि चालायचं कुठे, हे ठरवायचं कसं?

उत्तर : त्या बाई पुढच्या वर्षीही भेटतील, तेव्हा माझा नमस्कार सांगा. तुमचं जे चुकलं ते पायांत नाही, हिशेबात. किलोमीटर हे रस्त्याचं माप आहे. उभ्या चढावर ते लावलं की चांगला पळणारासुद्धा स्वतःला नालायक समजू लागतो.

1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला. आजच्या मापात तो साधारण असा : दर 5 किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला लावून बघा. अंतराचा दीड तास, चढाचे जवळजवळ 1 तास 50 मिनिटं. एकूण 3 तास 20. तुम्ही 1 तास 52 मध्ये पोचलात. लाज कसली वाटतेय?

आता दुसरं टोक बघा. स्वित्झर्लंडमधल्या फुली गावाजवळ जुन्या केबल रेल्वेच्या मार्गावर एक चढाची शर्यत होते. 1000 मीटर उंची, आणि तीही दोन किलोमीटरच्या आत. 2017 मध्ये इटलीच्या फिलिप ग्योचने ती 28 मिनिटं 53 सेकंदांत पार केली. अचाट वेळ! पण किलोमीटरच्या मापाने बघाल तर तो तासाला जेमतेम चार किलोमीटर वेगाने जात होता. तेवढ्या वेगाने आपण बोलत बोलत फिरायला जातो. उंचीने मोजलं तर तो तासाला 2000 मीटरच्या वर चढत होता. तुम्ही सुमारे 590 ने चढलात. पुढच्या वर्षी 650 करा. लक्ष्य असं लिहून ठेवा, आणि घड्याळावरचा किलोमीटरचा वेग दिसणारच नाही अशी सोय करा. उंची मात्र हवेच्या दाबावरून मोजणारं घड्याळ असेल तर बरं. सुरुवातीच्या ठिकाणची उंची त्यात आधी भरून घ्या, कारण हवामान पालटलं की ते आकडा चुकवतं.

पळायचं की चालायचं? सपाटीवर पाऊल आपटतं तेव्हा टाचेमागची शीर ताणली जाते आणि स्प्रिंगसारखी ताकद परत देते. उभ्या चढावर आपटणंच उरत नाही, मग परत काय मिळणार? सगळं ओझं स्नायूंवर येतं. म्हणून चढ फार उभा झाला की त्याच वेगाने पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं. माझी स्वतःची कसोटी जरा विचित्र आहे. मी चढावर मनातल्या मनात नाही, तोंडाने पुटपुटत एकोणतीसचा पाढा म्हणते. ‘एकोणतीस सक’ला अडखळले की मुकाट चालायला लागते, पुन्हा सलग म्हणता आला की पळते. (मला तो पाढा शाळेत कधी धड आला नव्हता. डोंगराने पाठ करून घेतला.)

चालायचं म्हणजे रमतगमत नव्हे. त्या बाई करत होत्या तसं कमरेतून थोडं पुढे झुकायचं, तळहात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवायचा, आणि पाय सरळ होताना हाताने रेटा द्यायचा. पावलं छोटी. उंच दगडावर एकदम ढांग टाकण्यापेक्षा शेजारच्या लहान दगडावरून दोन पावलांत जा. खडकाळ टप्प्यात हात लावावे लागले तर दोन हात, दोन पाय या चारांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत, आणि वजन टाकण्याआधी दगड हलतो का ते चाचपा. पाय लागून दगड सुटलाच तर जिवाच्या आकांताने ‘दगड!’ ओरडा. तिथे लाजू नका.

उताराबद्दल माझ्या उजव्या तळहातात एक पुरावा आहे. अंगठ्याच्या मुळाशी कातडीखाली तिळाएवढा काळा खडा आहे, दाबला की अजून टोचतो. माझ्या दुसऱ्या शर्यतीत मी माथ्यावरून उतरताना घाबरून मागे झुकले होते. मागे झुकलं की वजन टाचेमागे जातं, पाय पुढे सटकतो आणि माणूस हातावर येतो. तुमच्या दोन्ही आपटण्या अशाच असणार. अंग उताराला काटकोनात ठेवायचा प्रयत्न करा, गुडघे नरम, हात पंखांसारखे बाजूला, पावलं छोटी आणि भराभर. नजर पुढच्या पावलावर नको, तीन-चार पावलं पुढे. पाय आपोआप मागून येतात. पहिल्या दिवशी यावर विश्वास बसत नाही, माझाही नव्हता. निव्वळ घसाऱ्यावर मात्र टाच रोवायची आणि खड्यांबरोबर थोडं सरकू द्यायचं. पण आधी खाली बघून घ्या : कोणी माणूस नाही ना, आणि घसारा कड्यावर संपत नाही ना.

जिना पाठमोरा का उतरावा लागला? उतारावर मांडीचा पुढचा स्नायू भार पेलत पेलत लांबत असतो आणि त्यात बारीक इजा होतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. गंमत अशी की एकदा असं झालं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढाच उतार बराच सोसतो. म्हणून उताराचाही सराव करायचा : सौम्य उतारावर दहा मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू वाढवत जा, आणि शेवटचा कडक उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. नंतर नको.

नखांचं कारण बुटात आहे. पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा टोकाला ठोकर खातो. बुटाच्या सर्वांत वरचं, घोट्याजवळचं जादा भोक बहुतेकांचं रिकामं असतं. प्रत्येक बाजूला ते भोक आणि त्याच्या खालचं भोक यांतून नाडीचा लहान फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून काढा आणि आवळून बांधा. टाच जागची हलत नाही. नखं दोन-तीन दिवस आधी कापा.

प्रश्न : माथा जेमतेम शंभर मीटर वर होता. गडगडाट ऐकू आला आणि मी मागे फिरले. मैत्रिणी अजून चिडवतात. मी घाबरट आहे का?

उत्तर : नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनाने भागा, साधारण तेवढे किलोमीटर वीज दूर. पण उघड्या धारेवर हे गणित करत थांबू नका. ऐकू आली म्हणजे ती तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढं पुरे. मीही एकदा अशीच फिरले होते, ऐंशी मीटर बाकी असताना. रडलेही होते. चिडवणाऱ्यांना पुढच्या वेळी पुढे पाठवा.

प्रश्न : वय 63, गुडघे कुरकुरतात. काठ्या घेऊ का? माथा 3000 मीटरवर आहे.

उत्तर : घ्या, दोन घ्या, घडीच्या. चढावर खांदे कामाला लागतात, उतारावर गुडघ्यांचा थोडा भार उतरतो. हात लावून चढायच्या खडकांपाशी मात्र घडी करून पाठीला लावा. मनगटात अडकवलेली काठी तिथे पायात येते. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 30 टक्के कमी असतो, तेव्हा दम लवकर लागेल, त्याने बिचकू नका. डोकं ठणकू लागलं आणि मळमळलं तर खाली या. दर 1000 मीटरला थंडी साधारण साडेसहा अंशांनी वाढते, आणि तुम्ही घामाने भिजलेले असाल. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा सदरा आणि वाऱ्याचं जाकीट ठेवा. सदरा माथ्यावर पोचल्यावर नाही, पोचायच्या थोडं आधी आडोसा मिळेल तिथे बदला. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना दाखवलंत का, ते पुढच्या पत्रात कळवा.