बुंधा उघडा पडलेली मार्गरीट डेझी

प्रश्न : कुंडीतील पांढऱ्या मार्गरीट डेझीला तीन वर्षे झाली. तिच्या फांद्या खालून काटकीसारख्या उघड्या पडल्या असून पाने-फुले फक्त शेंड्यांवर येतात. मातीलगत सुपारीएवढी एक खडबडीत गाठही आहे. शेवंतीप्रमाणे तिची बुडापासून छाटणी करावी का?

उत्तर : बुडापासून मुळीच छाटू नये. वनस्पतींचे वर्गीकरण करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ मध्ये या झाडाला शेवंतीच्याच प्रजातीत बसवले होते, त्यामुळे आपला समज स्वाभाविक आहे. परंतु शेवंतीला जमिनीतून नवे फुटवे येतात, तर मार्गरीटच्या जून, निष्पर्ण लाकडाला सहसा फुटवा येत नाही. ही मूळची अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांची रहिवासी आहे. भूमध्य समुद्राभोवतीचे तिचे जवळचे नातलग बहुतांशी एका हंगामात जगून संपणारे असताना, बेटावर हिने मात्र लाकडी बुंध्याच्या झुडपाचे रूप घेतले. म्हणून बुंधा कठीण होणे हा रोग नव्हे, तो तिचा स्वभाव आहे. फुलांचा बहर ओसरताच फांद्यांचा वरचा एक तृतीयांश भाग कापावा आणि कापलेल्या जागेखाली हिरवी पाने शिल्लक आहेत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

गाठीची मात्र मला खरी काळजी वाटते. ती कठीण आणि वाढत जाणारी असेल, तर बहुधा मुकुटगाठ असावी. हा रोग आणि ही डेझी यांचे नाते जुने आहे : स्मिथ आणि टाउनसेंड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये याच डेझीच्या गाठींतून रोगाचा जीवाणू वेगळा काढला, आणि पुढे त्याच जीवाणूच्या साहाय्याने वनस्पतींमध्ये परके जनुक घालण्याचे तंत्र उभे राहिले. तो जखमेतून शिरतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. तीन वर्षे जपलेले झाड टाकणे जिवावर येईल, तरीही ते मातीसकट काढून टाकावे, त्याचे छाट लावू नयेत आणि कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी.

नवे रोप निरोगी झाडाच्या, कळी नसलेल्या कोवळ्या शेंड्यापासून करावे. बोटभर लांबीचा छाट घेऊन त्याची खालची पाने काढावीत व तो वाळूमिश्रित, निचऱ्याच्या मातीत सावलीत लावावा. रोप वीतभर होण्याआधीच त्याचा शेंडा खुडला, तर ते खालपासून फांद्या धरते आणि बुंधा इतक्या लवकर उघडा पडत नाही.