मधेच कोण बोललं हे मोजायच्या आधी

अगं,

तुझा सिनॉप्सिस वाचला. "स्त्री-पुरुषांच्या सामाजिक वर्तनातील फरक" हा विषय एमएच्या डेझर्टेशनचा नाहीये, त्यात पाचपन्नास जणांच्या पीएचड्या होऊन वर उरेल. पण तिसऱ्या पानावर तू सहज एक वाक्य टाकलंयस, की कॉलेजच्या ग्रूप डिस्कशनमध्ये मुलं मुलींचं बोलणं मधेच तोडतात असं वाटतं. ते धर. बाकीचं खुशाल उडव, तुझ्या गाइडशी मी बोलते.

या विषयात सगळे जिथून सुरुवात करतात तो झिमरमन आणि वेस्ट यांचा 1975 चा पेपर. कॅलिफोर्नियात सांता बार्बराला कॉफी शॉप, औषधांची दुकानं अशा ठिकाणच्या गप्पा टेप केल्या, आणि एक बाई एक पुरुष अशा 11 संभाषणांत 48 वेळा कुणीतरी मधेच तोडलं, त्यातलं 46 वेळा पुरुषाने. आकडा इतका देखणा आहे की पन्नास वर्षं झाली तरी लोक तोच फेकतात आणि टाळ्या घेतात. पण 11 म्हणजे किती गं? त्यात एकदोन जण जरी भयंकर दादागिरी करणारे निघाले तरी सगळं पारडं तिकडे झुकतं, जेफ्री बीटीने नंतर हाच आक्षेप घेतला, आणि त्याने स्वतः इंग्लंडमध्ये शेफिल्डला युनिव्हर्सिटीच्या ट्युटोरियलमधली बोलणी तपासली तर मुलं आणि मुली जवळजवळ सारखंच तोडत होती. मग 1998 मध्ये अँडरसन आणि लीपर यांनी 43 अभ्यास एकत्र करून मेटा-अॅनालिसिस केलं. पुरुष थोडं जास्त तोडतात, कोहेनचा डी (दोन गटांतला फरक किती मोठा ते सांगणारा आकडा) 0.15. आणि समोरच्याच्या हातातलं बोलणं हिसकावून घेणं, अशी घट्ट व्याख्या ज्या अभ्यासांनी केली तिथे 0.33.

0.15 नुसतं लिहून काहीच कळत नाही. डोळे मिटून एक पुरुष आणि एक बाई उचल, तर पुरुष जास्त तोडणारा निघायची शक्यता साधारण 100 मध्ये 54. नाणं उडवलं असतं तर 50. 0.33 ला ती 59 च्या आसपास जाते. म्हणजे फरक आहे, आणि व्हायव्हाला कुणी "फरक नसतोच" म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस, पण म्हणून समोर बसलेल्या एका मुलाबद्दल तुला काही सांगता येईल असंही नाही.

आता 0.15 चं 0.33 कशामुळे झालं ते बघ, कारण तुझं सगळं काम तिथेच अडकणार आहे. समज दोन मैत्रिणी बोलतायत. पहिली म्हणते, "आणि मग ती मला सांगते की," तेवढ्यात दुसरी, "हो ना, तशीच आहे ती!" आणि पहिली न थांबता, "की तुझं काम या महिन्यात होणार नाही." स्टॉपवॉच घेऊन बसलीस तर इथे दुसरी मधे बोलली, टिक. पण पहिलीचं वाक्य पूर्ण झालंय, आणि तो "हो ना" आला नसता तर तिनेच विचारलं असतं, ऐकतेयस ना? आता दुसरं घे. मुलगी म्हणते, "माझं म्हणणं असं की बजेट आधी," आणि मुलगा म्हणतो, "ते राहू दे, हॉलचं काय झालं?" बजेट गेलं ते गेलंच, परत आलं नाही. घड्याळावर दोन्ही सारखेच दिसतात. आपल्याकडे तर जेवायच्या टेबलावर चार जण एकदम बोलतात आणि सगळ्यांना सगळं कळतं, डेबोरा टॅनेनने न्यूयॉर्कच्या लोकांबद्दल हेच दाखवलं होतं, त्यांच्यात एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं ही आपुलकी असते आणि कॅलिफोर्नियाच्या माणसाला तोच उद्धटपणा वाटतो. तेव्हा अमेरिकेतली कोडिंग शीट, म्हणजे कुठलं बोलणं कुठल्या रकान्यात टाकायचं याचा तक्ता, जशीच्या तशी उचलून आणलीस तर मराठी मुलींना तू फुकट भांडखोर ठरवशील.

माझा सल्ला, नुसतं मधे कोण बोललं हे मोजू नकोस, त्यानंतर विषय कुणाचा टिकला ते मोज. पामेला फिशमनने सत्तरच्या दशकात तीन जोडप्यांच्या घरात टेपरेकॉर्डर ठेवून 52 तासांची बोलणी जमवली. बायकांनी 47 विषय काढले, त्यातले 17 चालले. पुरुषांनी 29 काढले आणि 28 चालले. तीनच जोडपी आहेत, त्यामुळे बायका अशा, पुरुष तसे हे त्यातून निघत नाही, पण बघायचं कुठे हे कळतं. कुणी कुणाला तोडलं यापेक्षा विषय कसा मेला ते बघ, बऱ्याचदा तो कुणी तोडत नाही, नुसतं "हं" म्हणून सोडून देतात.

आणि बैठकीचे नियम बदलून बघ, हे तर करच. कार्पोविट्झ, मेंडेलबर्ग आणि शेकर यांचा 2012 चा पेपर आहे, त्यांनी पाच-पाच जणांचे गट बसवले, गरिबांना किती द्यायचं यावर चर्चा. बहुमताने निर्णय घ्यायचा असं सांगितलं तर ज्या गटात बायका कमी तिथे त्या आपल्या वाट्यापेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. एकमताने घ्यायचा म्हटल्यावर तो फरक जवळजवळ गेला. स्वभाव वगैरे म्हणून जे आपण चिकटवतो ते एका नियमाने इतकं हलतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टात ओ'बार आणि अॅटकिन्सना 1980 च्या सुमाराला असंच सापडलं, "मला वाटतं", "बहुतेक" असं चाचरत बोलणारे साक्षीदार पुरुषही होते, ज्यांची पत कमी ते, आणि डॉक्टर म्हणून साक्ष देणारी बाई ठाम बोलत होती. तुझ्या ग्रूप डिस्कशनमध्ये सेक्रेटरी कोण आहे, सीनियर कोण आहे हे लिहून ठेवलं नाहीस तर नंतर सगळं मुलगा-मुलगी या एकाच खात्यावर जमा होईल.

हो, आणि प्रस्तावनेत तू ते "बायका दिवसाला 20,000 शब्द बोलतात, पुरुष 7,000" टाकलंयस, ते आधी काढ. त्याच्यामागे मोजणी अशी नाहीच. मेह्ल आणि मंडळींनी खरंच मोजलं, 2007 मध्ये ते छापून आलं, अमेरिका आणि मेक्सिकोतले 396 विद्यार्थी, अंगावर रेकॉर्डर, दर साडेबारा मिनिटांनी 30 सेकंद. बायका 16,215, पुरुष 15,669. फरक साडेपाचशेचा आणि माणसामाणसातला पसारा सात-आठ हजारांचा! 2025 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात चार देशांतल्या 2,197 लोकांवर परत तपासलं तेव्हा मात्र 25 ते 64 या वयात बायका दिवसाला तीनएक हजार शब्द जास्त बोलतात असं दिसलं, बाकीच्या वयांत फारसं काही नाही. दोन्ही लिही. आवडेल तेवढंच उचलायचं नसतं.

आता एक अडचण, जी इंग्रजी पेपरांत तुला सापडणार नाही. इंग्रजी ट्रान्सक्रिप्टमधून नावं काढली की बोलणारा पुरुष की बाई हे कोडरपासून बऱ्यापैकी लपतं. मराठीत "मी गेले होते" म्हटलं की संपलं. (कोल्हापूरकडच्या मुली "मी आलो" म्हणतात, त्यांच्यात तुला थोडी सूट मिळेल.) आणि मुलगा आहे हे कळलं की कोडरचा हात "तोडलं" या रकान्याकडे आपोआप जातो, म्हणून दुसऱ्या कोडरला देताना क्रियापदांची टोकं झाकून दे, कंटाळवाणं काम आहे पण कर, आणि दोघींचा कप्पा (kappa) काढ, म्हणजे तुमचं कोडिंग योगायोगापेक्षा किती जास्त जुळतं तो आकडा. आणि परवानगी सगळ्यांची हवी, फक्त ओळखीच्यांची नाही. मेह्लच्या लोकांनी सहभागींना आपलं रेकॉर्डिंग आधी ऐकून हवं ते पुसायची मुभा दिली होती, तीही दे. चार वाक्यं जातील तर जाऊ देत.

यापुढे मला सिनॉप्सिस पाठवू नकोस. दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग कर, मैत्रिणीला बसव, दोघींनी वेगवेगळं कोड करा, आणि जिथे तुमचं जुळलं नाही तेवढ्याच ओळी पाठव.

तुझी,
मॅडम